जुने स्कॅन केलेले प्लॅन रेव्हिटमधे स्केल केले तरी मजले एकमेकांवर बसत नाहीयेत

पेठेतला_ड्राफ्टर
नमस्कार मंडळी. गिरगावातली एक जुनी लोडबेअरिंग (भार भिंतींवर असलेली) बिल्डिंग, तळ अधिक दोन, आमच्या ऑफिसला आलीय, रिडेव्हलपमेंटच्या आधी आहे तशी रेव्हिट या ३डी मॉडेलच्या सॉफ्टवेअरमधे हवी म्हणून. सोसायटीकडे जुने अमोनिया प्रिंट (नकाशाच्या जुन्या पद्धतीच्या प्रती) होते, फूट-इंचातले, १ इंचाला ८ फूट असा स्केल लिहिलेला, घड्या घालून घालून पार मऊ झालेले. तळमजला आणि पहिला मजला झेरॉक्सवाल्याकडे रोल स्कॅनरवरून स्कॅन करून आणला, ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल. दुसऱ्या मजल्याचा कागद द्यायला सेक्रेटरी तयार नाहीत, त्यांनी मोबाईलवर फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप केलाय.

आता प्रॉब्लेम असा की रेव्हिटमधे इमेज आणून स्केल केली तर आडवं ६० फूट बरोबर येतं पण उभं ३६ फुटाचं डायमेन्शन मोजलं तर ३६'-४" भरतंय. पहिला मजला त्याच्यावर ठेवला तर जिना ८-९ इंच सरकतो आणि आतल्या भिंती तर कुठेच जुळत नाहीत. दुसरा मजला तर विचारूच नका, एका बाजूला जुळवला की दुसरी बाजू पळते. प्रत्येक मजला वेगळ्या व्ह्यूमधे असल्यामुळे खालची इमेज वर दिसतही नाही. बॉस म्हणतात सरळ ट्रेस कर, थोडं इकडेतिकडे चालतं. तुम्ही लोक हे कसं बसवता?

बिमवाली_नाशिक
पहिला प्रश्न, स्केल कशावरून केलंस ते लिहिलंच नाहीस. बहुतेक जण समोर दिसेल ते दार पकडतात आणि ३ फूट टाकून मोकळे होतात. ३०० डीपीआयला १ पिक्सेल म्हणजे कागदावर ०.०८५ मिमी, तुझ्या १ इंचाला ८ फूट म्हणजे १:९६ ला तो पिक्सेल साइटवर साधारण ८ मिमी. ३ फुटाचं दार म्हणजे जेमतेम ११२ पिक्सेल. तुझं क्लिक २ पिक्सेल चुकलं की पावणेदोन टक्के चूक लागली आणि ती ६० फुटावर एक फुटाच्या वर जाते. तेच २ पिक्सेल ६० फुटाच्या डायमेन्शनवर चुकले तर १६ मिमी, प्लास्टरमधे जिरून जाईल. म्हणून सगळ्यात लांब, लिहिलेलं डायमेन्शन घ्यायचं, आडवं वेगळं आणि उभं वेगळं.

रेव्हिटमधे क्रम असा ठेव. आधी रोटेट, मग स्केल, मग मूव्ह. रोटेट करताना फिरवायचा मधला बिंदू उचलून लांब भिंतीच्या टोकावर ठेव नाहीतर इमेजच्या मध्यावरून फिरते आणि अंदाज येत नाही. मग त्या भिंतीच्या टोकापासून बरोब्बर ६०'-० ची एक डिटेल लाइन काढ, इमेज सिलेक्ट करून स्केल कमांड, ग्राफिकल ठेवून पहिलं क्लिक कोपऱ्यावर, दुसरं इमेजमधल्या दुसऱ्या टोकावर, तिसरं तुझ्या लाइनच्या टोकावर. झूम करून क्लिक कर, रेघेच्या मध्यावर, कडेवर नको, जुन्या प्रिंटमधे रेघ अर्धा मिमी जाड असते म्हणजे साइटवर जवळजवळ २ इंच.

३६ चं ३६'-४" येतंय त्यात तुझा दोष नाही, स्कॅनरने कागद एका दिशेला ताणलाय. रोल स्कॅनरमधे कागद ज्या दिशेने आत ओढला जातो त्या दिशेला रोलर सरकला की असं होतं, शिवाय कागद दमट हवेत फुगतो तोही दोन्ही दिशांना सारखा नाही. यावर उपाय प्रॉपर्टीजमधे आहे. लॉक प्रपोर्शन्सचा टिक काढ, हाइटला ०.९९०८ ने गुणून टाक (३६ भागिले ३६.३३), झालं. पण हे तिरप्या चढवलेल्या कागदावर चालत नाही, कारण विड्थ-हाइट इमेजच्या स्वतःच्या कडांना धरून असतात. एखाद अंश तिरकं असेल तर चालून जातं, जास्त असेल तर आधी फोटो एडिटरमधे सरळ करून आण.

आणि मजल्यांचं म्हणशील तर इमेज व्ह्यूपुरतीच असते ते खरंय, पण ग्रिड, म्हणजे संदर्भाच्या रेषा, सगळ्या प्लॅनमधे दिसतात. दोन ग्रिड काढ, जिन्याच्या एका कोपऱ्यावर त्यांचं छेद येऊ दे, आणि प्रत्येक व्ह्यूमधली इमेज त्या छेदावर आणून पिन कर. इमेज इमेजवर बसवायची नाही, प्रत्येक इमेज ग्रिडवर बसवायची.

जुना_टीस्क्वेअर
वर सांगितलंय ते सॉफ्टवेअरच्या बाजूने बरोबर आहे पण आतल्या भिंती जुळत नाहीत यात प्लॅनची काही चूक नसेलही. लोडबेअरिंग म्हणतोस ना, मग वर जाताना भिंत बारीक होणारच. खाली १८ इंच, वर १४, त्याच्या वर ९ असं सर्रास असायचं. बाहेरचा फेस, म्हणजे भिंतीची बाहेरची बाजू, एका ओळंब्यात ठेवून ऑफसेट आतल्या बाजूला घेतात, त्यावरच लाकडी तुळया टेकवायच्या. म्हणजे बाहेरच्या भिंतीचा आतला फेस मजल्यागणिक ४-५ इंच सरकलेला दिसणार आणि तू तो स्कॅनची चूक समजून इमेज सरकवत बसणार. मधली भिंत असेल तर दोन्ही बाजूंनी थोडी थोडी कमी करायचे, तिथं सेंटर लाइन पकडायची. थोडक्यात बाहेरचा फेस आणि जिन्याची पोकळी, या दोन गोष्टींवर जुळव. खोलीच्या आतल्या कोपऱ्यावर कधीच नको.

दुसरं, लिहिलेलं डायमेन्शन आणि मोजलेलं डायमेन्शन यात भांडण झालं तर लिहिलेलं खरं. आमच्या वेळी प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात नोट असायची, ड्रॉइंगवरून मोजू नये म्हणून, ती उगाच नसायची. कागद घडी केलेला आहे म्हणतोस, १:९६ ला कागदावरची १ मिमी सुरकुती म्हणजे साइटवर जवळजवळ ४ इंच. घडीच्या एका बाजूला स्केल केलंस आणि दुसऱ्या बाजूला मोजलंस तर जुळणारच नाही. म्हणून आधी डायमेन्शनच्या साखळ्या कागदावर लिहून बेरीज कर, भिंती धरून, एकूण आकड्याशी जुळते का बघ. जुन्या शीटमधे बेरजेत इंच-दोन इंच चुकलेले असतात, तेव्हा पेनने रेघा ओढून हाताने लिहायचे, एक खोली बदलली की एकूण आकडा बदलायला विसरायचे.

आणि हो, ते आकडे बहुतेक वीट ते वीट असतात. साइटवर लेझर मीटर लावशील तेव्हा दोन्ही बाजूंचं प्लास्टर धरून खोली इंचभर कमी भरेल. तिथंही घाबरून स्केल बदलू नकोस.

स्केचअप_शौकीन
एवढा घाट कशाला, स्केचअपमधे दोन मिनिटांचं काम आहे. इमेज आणायची, तिचा ग्रुप करायचा, ग्रुपच्या आत जाऊन टेप मेजर टूलने दोन टोकं क्लिक करायची, ६०' टाइप करून एंटर, तो विचारतो रिसाइझ करू का, हो म्हणायचं. ग्रुपच्या आत जायला विसरू नका नाहीतर अख्खं मॉडेल स्केल होतं. वरचा मजला उचलून खालच्यावर ठेवला की एकावर एक दिसतंच, व्ह्यूबिव्ह्यूची कटकट नाही. इमेज धूसर दिसत असेल तर प्रेफरन्सेसमधे ग्राफिक्सखाली मॅक्झिमम टेक्स्चर साइझ ऑन करा, नाहीतर तो मोठ्या स्कॅनची लहान करून दाखवतो आणि आकडे वाचता येत नाहीत.

बाकी तुमच्या बॉसचं बरोबर आहे हो, पाडायचीच आहे बिल्डिंग, ३-४ इंचांनी काय बिघडणारे?

बिमवाली_नाशिक
@स्केचअप_शौकीन बिघडतं! रिडेव्हलपमेंट आहे, मॉडेलमधून प्रत्येक भाडेकरूचा आत्ताचा कार्पेट एरिया निघणार आणि त्यावर नवीन जागेची चर्चा होणार. दारावरून स्केल करून पावणेदोन टक्के चूक दोन्ही दिशांना गेली तर ३०० स्क्वेअर फुटाच्या जागेवर जवळजवळ ११ स्क्वेअर फूट. गिरगावात ११ स्क्वेअर फुटावर माणसं मीटिंगमधे खुर्च्या उचलतील.

टेप मेजरचा उपाय छानच आहे पण तो दोन्ही दिशांना एकच प्रमाण लावतो. ताणलेला कागद ताणलेलाच राहतो.

पेठेतला_ड्राफ्टर
सगळ्यांचे आभार, बरंच डोकं लागलं. तळमजला एकूण लांबीवरून स्केल केला होता, पहिल्या मजल्याला मात्र एकूण डायमेन्शन नेमकं घडीत गेलंय, वाचताच येत नाही, म्हणून तिथं दार धरलं होतं. आता टीस्क्वेअर काकांनी म्हटल्याप्रमाणे साखळी जोडून बेरीज केली, ५९'-१०" आली, तळाला ६०'-०. मग कुठली धरू? आणि तो मोबाईलचा फोटो टाकून द्यायचा का?

जुना_टीस्क्वेअर
साठ धर. बाहेरचा फेस खालपासून वरपर्यंत एकच आहे तर बिल्डिंग वर जाऊन २ इंच आखूड कशी होईल. कुठल्यातरी खोलीचा आकडा चुकीचा वाचला गेलाय, घडीजवळचा ६ आणि ८ एकदा बघ, जुन्या हस्ताक्षरात दोन्ही सारखेच. नाहीतर जाऊन एक खोली मोजून ये. लेझर मीटर असेल तर कर्णही घे, १० बाय १२ च्या खोलीचा कर्ण साधारण १५ फूट साडेसात इंच यायला हवा, फार वेगळा आला तर खोलीच काटकोनात नाहीये, मग इमेज कितीही ताण. जुन्या गिरगावात प्लॉटच वाकडे असतात, मागची भिंत गल्लीला धरून तिरकी काढलेली असते आणि प्लॅनमधे मात्र सरळ दाखवतात.

नकाशेवाला
मी जीआयएसवाला आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशांचं काम करणारा, इमारतींशी फारसा संबंध नाही, पण हा प्रश्न आमच्याकडे रोज येतो म्हणून घुसतोय. हे सगळं हाताने करण्याऐवजी क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधला जिओरेफरन्सर (स्कॅन खऱ्या मापांवर बसवणारं टूल) वापरून बघ, फुकट आहे. त्याला खरे अक्षांश-रेखांश द्यायची गरज नाही, तुझेच आकडे दे. जिन्याचा कोपरा ०,० धर, ६० फूट म्हणजे १८.२८८ मीटर, ३६ फूट म्हणजे १०.९७३, असे कोपरे आणि मधले दोन-चार बिंदू टाकत जा. मग ट्रान्सफॉर्मेशन निवडायचं, खरी गंमत तिथं आहे.

हेल्मर्ट निवडलंस तर फक्त सरकवणं, फिरवणं आणि एकच स्केल, म्हणजे तू रेव्हिटमधे करतोयस तेच, दोन बिंदूंत भागतं. पॉलिनॉमिअल १ निवडलंस तर आडवं-उभं वेगळं ताणतो आणि तिरकेपणाही काढतो, किमान तीन बिंदू लागतात. तुझ्या दोन्ही स्कॅनला हेच हवंय. मोबाईलच्या फोटोला प्रोजेक्टिव्ह, चार बिंदू, कारण फोटोत कागदाची लांबची बाजू लहान दिसते आणि ते साध्या ताणण्याने जात नाही. एक बाजू जुळवली की दुसरी पळते म्हणालास ना, ते यामुळेच.

बिंदू कमीत कमी देऊ नकोस, आठ-दहा दे. तीन बिंदूंना पॉलिनॉमिअल १ लावलं की चूक शून्य दाखवणारच, त्याला तपासायला काही उरत नाही. जास्त बिंदू दिले की खालच्या तक्त्यात प्रत्येक बिंदूपुढे रेसिड्युअल, म्हणजे उरलेली चूक, पिक्सेलमधे दिसतं. सगळे २-३ पिक्सेल आणि एकच १५ पिक्सेल असेल तर तो आकडा चुकीचा वाचलायस किंवा तिथं घडी आहे. तुझे ते हरवलेले २ इंच इथंच सापडतील बहुतेक. २ इंच म्हणजे तुझ्या स्कॅनवर ६ पिक्सेल. आणि थिन प्लेट स्प्लाइनच्या नादाला लागू नकोस, तो प्रत्येक बिंदू जबरदस्तीने बसवतो, चुकीचा आकडाही गोड मानून घेतो आणि मधल्या भिंती लाटेसारख्या वाकवतो.

टिफ बाहेर काढताना कॉम्प्रेशन बंद ठेव म्हणजे रेव्हिट कुरकुर करत नाही. जुळवलेल्या इमेजची रुंदी किती मीटर ते लेयरच्या माहितीत एक्स्टेंटमधे मिळतं, रेव्हिटमधे विड्थला तोच आकडा टाकला की स्केल झालं, क्लिक करायलाच नको.

स्केचअप_शौकीन
फोटोला स्केचअपमधेही उपाय आहे, इमेज एक्सप्लोड करून टेक्स्चर केली की राइट क्लिक, टेक्स्चर, पोझिशन, मग फिक्स्ड पिन्सचा टिक काढायचा. चार पिवळ्या पिना येतात, चार कोपरे चार जागी ओढले की फोटो सपाट होतो. रेसिड्युअल वगैरे दाखवत नाही पण डोळ्यांना लगेच कळतं. खुर्च्यांचा मुद्दा मान्य 😄

बिमवाली_नाशिक
फोटोबद्दल अजून एक, व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान करतो, आकडे पुसट होतात. सेक्रेटरींना सांग डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि शक्य असेल तर स्वतः जाऊन काढ, कागद जमिनीवर पसरून कडेला पट्ट्या ठेवून, जवळून वाइडने नको, थोडं लांब उभं राहून झूम करून. जवळून काढला की कडा पोटासारख्या बाहेर येतात आणि ते प्रोजेक्टिव्हनेही पूर्ण जात नाही.

पेठेतला_ड्राफ्टर
अपडेट देतो. तळमजला आणि पहिला मजला क्यूजीआयएसमधून पॉलिनॉमिअल १ ने काढले, दहा-दहा बिंदू दिले. पहिल्या मजल्यावर एकच बिंदू वेडा निघाला, मागच्या खोलीचा, ८'-६" वाचलं होतं ते ८'-८" होतं, काकांनी म्हटलं तसं ६ आणि ८! तो दुरुस्त केल्यावर बेरीज ६०'-०. रेव्हिटमधे जिन्याच्या कोपऱ्यावर ग्रिड धरून दोन्ही मजले बसले, जिना आता इंचाच्या आत आहे. बाहेरच्या भिंतींचे आतले फेस अजूनही ४ इंच सरकलेले दिसतायत पण ते सरकलेलेच असणार हे आता कळलं, खालच्या भिंतीचा टाइप १८ आणि वरचा १४ केला. फोटोसाठी शनिवारी सोसायटीत जाणार आहे, सेक्रेटरी चहा पाजतो म्हणालेत पण कागद बाहेर नेऊ देत नाहीत.

एकच राहिलं. त्याच शीटवर कोपऱ्यात साइट प्लॅन आहे, १ इंचाला ४० फूट. त्यावरून प्लॉटची हद्द मॉडेलमधे काढून टाकू का? सीटीएस नंबर (जमिनीचा सर्व्हे नंबर) पण दिलाय त्यात.

जुना_टीस्क्वेअर
गिरगावात सी.एस. नंबर असतो, सीटीएस उपनगरात, परत नीट वाच. हद्द त्यावरून काढू नकोस. १ इंचाला ४० म्हणजे १:४८०, अर्धा मिमी जाडीची रेघ साइटवर २४० मिमी झाली, म्हणजे नुसत्या रेघेतच ९ इंच भिंत मावते. कंपाउंडवरून शेजारच्याशी आधीच वाद असतील तर तेवढ्यावरच नोटिसा निघतात. बिल्डिंग प्लॉटवर साधारण कुठे उभी आहे, पुढे किती मागे किती, एवढं दाखवायला ती इमेज फिकट करून खाली ठेव आणि व्ह्यूवर हद्द अंदाजे असं ठळक लिही. हद्द मोजणीवाल्याकडून येईल तेव्हाच प्रॉपर्टी लाइन काढ.

नकाशेवाला
+१. आणि मोजणीचा नकाशा यूटीएममधे (जगाच्या नकाशावरच्या मीटरमधल्या आकड्यांत) आला तर तो तसाच रेव्हिटमधे ओढू नकोस. मुंबई ४३ नॉर्थ झोनमधे येते, उत्तरेकडचा आकडा २० लाख मीटरच्या वर असतो आणि रेव्हिटला ओरिजिनपासून इतकं लांबचं झेपत नाही, रेघा थरथरायला लागतात. मॉडेल जागेवरच ठेव, शेअर्ड कोऑर्डिनेट्समधे आकडे दे. अडलास तर मोजणीची फाइल आल्यावर इथंच विचार.